श्क्लोवची काकडी आणि पोलात्स्कचं अक्षर

बेलारूसच्या उत्तरेला पोलात्स्क नावाचं फार जुनं शहर आहे. तिथे 2003 साली एका अक्षराचं स्मारक उभं राहिलं. डोक्यावर छोटी चंद्रकोर असलेलं हे अक्षर शेजारच्या रशियन किंवा युक्रेनियन लिपीत नाही. आपण ‘गाव’, ‘नाव’ म्हणताना शेवटचा ‘व’ ओठांतच विरतो, त्याच्या जवळ जाणारा त्याचा उच्चार. चार वर्षांनी, 2007 मध्ये, देशाच्या पूर्वेकडच्या मोहिल्योव प्रांतात श्क्लोव या गावी काकडीचा पुतळा बसला. श्क्लोवच्या काकडीची कीर्ती जुनी आहे. आणि ‘श्क्लोव’ हे नाव बेलारूसीत लिहिलं, की शेवटी पोलात्स्कचं तेच अक्षर येतं. रशियनमध्ये लिहिलं, की ते अक्षर गळतं.

ही दोन स्मारकं एकमेकांपासून लांब आहेत आणि ती उभारणाऱ्यांनी एकमेकांचा विचार केला असेल असं वाटत नाही. तरी मला ती एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक एका भाषेला आपली मातृभाषा म्हणतात आणि घरात मात्र बहुतेक जण दुसरीच बोलतात, तिथे पहिल्या भाषेतले कोणते शब्द टिकतात? याचं उत्तर शोधायला मी शाळा आणि वर्तमानपत्रांऐवजी काकडी-कोबीच्या पिंपाकडे जाईन.

मराठी वाचकाला लोणचं म्हटलं की तेल, तिखट, मोहरी आठवते. बेलारूसच्या पिंपात यातलं काही नसतं. मीठ, पाणी, बागेतली पानं आणि थंडी एवढ्यावर सगळं चालतं. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं म्हणजे गोव्याची चेपणीची तोरां, मिठात घालून वजनाखाली चेपलेल्या कोवळ्या कैऱ्या. बेलारूसमध्येही वर वजन ठेवतातच, त्याला ‘ह्न्योत’ म्हणतात. लाकडी चकतीवर नदीतला गुळगुळीत ग्रॅनाइटचा गोटा. चुनखडीचा दगड चालत नाही, कारण आंबटपणाने तो विरघळू लागतो आणि खाराची चव बिघडते. चांगला गोटा घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

क्रिया तीन आणि त्यांची नावंही तीन. ‘सालीत्स’ म्हणजे खारवणं, ‘क्वासीत्स’ म्हणजे आंबवणं, आणि ‘मारिनावात्स’ म्हणजे व्हिनेगरमध्ये घालणं. पहिल्या दोन क्रिया एकमेकींत मिसळतात, कारण खारातली काकडी आंबतेच. तिसरी मात्र वेगळ्या कुळातली. तिथे आंबटपणा बाटलीतून येतो, आधीच्या दोन्हींत तो जिवाणू तयार करतात.

कोबीचा हंगाम सप्टेंबरअखेरीस सुरू होतो. ऑर्थोडॉक्स पंचांगात 27 सप्टेंबरला क्रूसोत्थापनाचा सण येतो. तिथून 14 ऑक्टोबरच्या पाक्रोवीपर्यंत आणि पुढेही घराघरांत कोबी चिरली जाते. चिरण्याच्या मोठ्या फळीला ‘शात्कोवनित्सा’ म्हणतात. या शब्दातही पोलात्स्कचं अक्षर आहे. किलोभर कोबीला साधारण 20 ते 25 ग्रॅम मीठ, थोडं गाजर, शहाजिरं, आणि मूठभर ‘झुरावीनी’, म्हणजे दलदलीत उगवणारी लाल आंबट क्रॅनबेरी. कोबी हातांनी चुरतात, पाणी सुटेपर्यंत. पिंपाच्या तळाशी जुन्या घरांत राय या धान्याच्या भाकरीचा कडक काप किंवा त्याचं पीठ घालत. मधूनमधून अख्खे गड्डे आणि अन्तोनावका जातीची सफरचंदं पुरत. ही सफरचंदं हिवाळ्याच्या मध्यावर बाहेर निघतात तेव्हा बुडबुड्यांनी भरलेली असतात.

पहिले काही दिवस पिंप उबेत राहतं, 18 ते 20 अंशांत. सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू काम करतात आणि भरपूर वायू सोडतात. फेस येतो, वास सुटतो. या दिवसांत रोज लाकडी काठीने तळापर्यंत भोकं पाडून वायू बाहेर काढला नाही, तर कोबी कडू होते. आंबटपणा वाढला की हे जिवाणू थकतात आणि जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू ताबा घेतात. मग पिंप थंडीत हलवायचं, शून्याच्या थोडं वर. यातलं कोणतंही नाव खेड्यातल्या आजीला माहीत नव्हतं, पण काठी कधी घालायची आणि पिंप कधी हलवायचं हे तिला वासावरून कळत होतं. ही कोबीच क जीवनसत्त्वाची हिवाळाभराची शिदोरी होती. ईस्टरपूर्वीच्या लांब उपवासात मांस आणि दूधदुभतं वर्ज्य, तेव्हा जवसाचं किंवा भांगेच्या बियांचं तेल घातलेली ही कोबी रोजचं जेवण असे. कोबीच्या सारालाही ‘कापूस्ता’च म्हणतात. भाजीचं आणि पदार्थाचं नाव एकच.

काकडीचं काम जुलै-ऑगस्टमधलं. बेलारूसीत ती ‘अहुरोक’. हा शब्द ग्रीकमधून स्लाव भाषांत आला असं मानतात, आणि काकडी स्वतः हिमालयाच्या पायथ्याची. तिचे रानटी, कडू भाईबंद अजून तिथे उगवतात. इतका प्रवास करून आलेल्या फळाला उत्तरेच्या थंड देशाने असं आपलंसं केलं की आज तिच्याशिवाय तिथलं ताट अपुरं वाटतं. लिटरभर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम मीठ, तुऱ्यासकट पिकलेला शेपू म्हणजे ‘क्रोप’, लसूण, ‘ख्रेन’ नावाच्या झणझणीत मुळाचं लांबरुंद पान, आणि ओक, चेरी, काळ्या करंटची पानं. ही पानं वासापुरती नसतात. त्यांतल्या टॅनिनमुळे काकडी मऊ पाडणारी विकरं मंदावतात आणि ती करकरीत राहते. प्रत्येक घरात पानांचं प्रमाण वेगळं, आणि त्यावरून शेजारणींत होणारे वाद खरेखुरे असतात. एकदोन दिवसांत खाल्ली तर ती ‘मालासोल्नी’, अर्धीमुर्धी खारवलेली, अजून हिरवीगार. नव्या बटाट्यांबरोबर खाण्याची. महिन्याभराने ती ऑलिव्हच्या रंगाची होते आणि पूर्ण आंबते.

पिंप तयार करणं हे वेगळंच काम होतं. ते बनवणारा ‘बोन्दार’. काकडीला ओकचं पिंप पसंत. भरण्याआधी त्यात ज्युनिपरच्या फांद्या टाकून उकळतं पाणी ओतत, मग चुलीत लाल झालेले दगड आत सोडत आणि झाकण लावून पिंप वाफवत. लाकूड फुगून फटी बुजत, जुना वास जाई, ज्युनिपरचा नवा येई. अशी वाफवलेली पिंपं मग कोठीत जात. या कोठीला देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी नावं आहेत. कुठे ‘वारिवन्या’, कुठे ‘इस्तोपका’, कुठे ‘स्त्सोपका’. ‘वारिवन्या’ हा शब्द ‘वारीवा’वरून आला, म्हणजे शिजवायच्या भाज्या. जाड ओंडक्यांची, भिंतींच्या फटीत शेवाळ ठासलेली ही खोली. कडाक्याच्या थंडीत आतलं गोठू नये म्हणून ती निखाऱ्यांनी जराशी उबवत. मिन्स्कजवळच्या लोकवास्तुकला आणि ग्रामजीवनाच्या राज्य संग्रहालयात जुनी खेडुत घरं आणून पुन्हा उभी केली आहेत. तिथे असा संसार पाहायला मिळतो.

आता एका लोकसमजुतीबद्दल. रशियन बोलणाऱ्या घरांत सर्वदूर एक नियम सांगतात: ज्या वाराच्या नावात ‘र’ आहे त्या वारी कोबी आंबवायला घालावी, म्हणजे ती करकरीत होते. रशियनमध्ये असे वार चार: व्तोर्निक, स्रेदा, चेत्वेर्ग आणि रविवारचा वोस्क्रेसेन्ये. तोच नियम बेलारूसीत लावून पाहा. मंगळवार अवतोराक, बुधवार सेरादा, गुरुवार चात्स्वेर, इथपर्यंत ठीक. पण रविवार म्हणजे न्याद्झेल्या. त्यात ‘र’ नाही. म्हणजे घराने भाषा बदलली की कोबीला एक मुहूर्त वाढून मिळतो, तोही नेमका सुट्टीचा, जेव्हा शहरातल्या नोकरदार बाईला सवड असते. समजूत खरी की खोटी हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पण भाषा कामाच्या किती आत शिरते, हे मला यातून नीट कळलं.

या पिंपांभोवती एकच भाषा कधीच नव्हती. 1897च्या जनगणनेत मिन्स्क शहरातली निम्म्याहून किंचित जास्त वस्ती ज्यू होती. छोट्या बाजारगावांतही ज्यू शेजारी असत, आणि काकडी, बीट, खार हे सगळं दोन्ही घरांत होतं. बेलारूसी खाराला ‘रसोल’ म्हणतात. यिद्दिशमध्ये हाच शब्द ‘रोसल’ झाला आणि त्याचा अर्थ आंबवलेल्या बीटाचं लाल पाणी. वसंतात पुरीमच्या सुमारास बीट पाण्यात घालायचं आणि पासओव्हरच्या सणाला ते सारासाठी तयार. शेजारची बेलारूसी बाईही बीटाचा क्वास करून बोर्श्च शिजवी. 1920च्या दशकात सोव्हिएत बेलारूसमध्ये बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिद्दिश या चारही भाषांना अधिकृत दर्जा होता. प्रजासत्ताकाच्या राजचिन्हावर कामगार एकजुटीची घोषणा चारही भाषांत होती. 1930च्या दशकाच्या अखेरीस हे संपलं. 1941 ते 1944 या नाझी ताब्याच्या काळात तिथले बहुसंख्य ज्यू मारले गेले. ‘रोसल’ शब्द आज शोधायचा तर तो न्यूयॉर्क वा तेल अवीवमधल्या वंशजांच्या घरांत शोधावा लागतो. ज्या गावांत तो रोज बोलला जाई तिथे त्याचे बोलणारेच उरले नाहीत.

युद्धानंतर गावं रिकामी होत गेली आणि शहरं वाढली. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ओकचं पिंप कुठे ठेवणार? त्याची जागा तीन लिटरच्या काचेच्या बरणीने घेतली. कारखान्यांमार्फत कामगारांना शहराबाहेर जमिनीचे तुकडे मिळाले, साधारण 600 चौरस मीटरचे, आणि तिथे पिकलेलं सगळं उन्हाळ्याच्या शेवटी बरण्यांत जाऊ लागलं. पत्र्याचं झाकण हाताने फिरवायच्या यंत्राने दाबून बसवायचं. या गोलगोल फिरवण्यावरून बरणीबंद भाज्यांना ‘झाकात्की’ हे नाव पडलं. 70 टक्के तीव्रतेचं व्हिनेगरचं अर्क-पाणी दुकानात मिळे. कोणी बरणीत ॲस्पिरिनच्या गोळ्याही टाकी. इथे धोकाही आला. पिंपातल्या कोबीत आम्ल वाढतं, विषारी जिवाणू टिकत नाहीत. पण घट्ट बंद बरणीत, आम्ल कमी पडलेल्या अळंब्यांमध्ये बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून ओळखता येत नाही. पिंपाच्या काळचं नाकाचं शहाणपण बरणीपुढे अपुरं पडलं.

बरणीबरोबर शब्दांचीही उलथापालथ झाली. पिंप, कोठी, गोटा, बोन्दार यांच्याबरोबर त्यांची नावं वस्तुसंग्रहालयात गेली. वस्तू गेली की शब्द जाणारच, त्याला भाषाधोरणाची गरज नसते. धोरणानेही आपलं काम केलं. 1990च्या कायद्याने बेलारूसी ही एकमेव राज्यभाषा झाली, 1995च्या सार्वमतानंतर रशियनला बरोबरीचा दर्जा मिळाला आणि शाळा, कचेऱ्या पुन्हा रशियनकडे वळल्या. 2009च्या जनगणनेत सुमारे 53 टक्के लोकांनी बेलारूसीला मातृभाषा म्हटलं, घरी ती बोलतो असं सांगणारे मात्र सुमारे 23 टक्केच. युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांच्या नकाशात घातली आहे.

तरी स्वयंपाकघरात ऐकलं, तर हिशेब इतका सरळ लागत नाही. रशियन बोलणारा मिन्स्ककरही टेबलाच्या खणाला ‘शुफ्ल्यादका’ म्हणतो आणि कामावर न्यायच्या डब्याला ‘ससबोइका’. मॉस्कोच्या माणसाला हे दोन्ही शब्द अडतात. डब्यात भाकरी, चरबीचा तुकडा आणि बरणीतली काकडी. बटाटा ‘बुलबा’, बीट ‘बुराक’ ही नावं रशियन वाक्यातही सुटत नाहीत. ह्रोद्ना आणि ब्रेस्तच्या बाजूला काचेच्या बरणीला ‘स्लोइक’ म्हणतात. पोलिशशी नातं सांगणारा हा शब्द प्रमाण बेलारूसीही आहे. आणि तृप्तीचं वर्णन करायला ‘चारका आणि श्क्वारका’, म्हणजे एक पेला आणि तळलेल्या चरबीचा कुरकुरीत तुकडा, ही जोडी सगळ्यांच्या तोंडी असते.

अशा मिसळलेल्या बोलीला ‘त्रस्यान्का’ म्हणतात. मूळ अर्थ गवत आणि पेंढा एकत्र झाडून केलेला चारा, हिवाळ्याच्या शेवटी चांगलं गवत पुरवून घालण्यासाठीचा. बोलीला हे नाव तुच्छतेने दिलं गेलं. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाची धड ही नाही, धड तीही नाही अशी भाषा, असा त्यातला सूर. हा सूर मला मान्य नाही. ज्या बाईने पिंपाचं ज्ञान बरणीत उतरवलं, फ्लॅटच्या बाल्कनीत हिवाळ्याची तरतूद केली, तिने भाषेचंही तेच केलं. जे लागलं ते घेतलं, जे हाताशी होतं ते ठेवलं. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठात गेर्ड हेंचेल यांच्या पुढाकाराने या मिश्र बोलीचा अभ्यास झाला, कुटुंबांतली प्रत्यक्ष संभाषणं ध्वनिमुद्रित केली गेली. या बोलीकडे चूक म्हणून न पाहता बोली म्हणून पाहणं त्यामुळे शक्य झालं.

एक शब्द मात्र मिसळण्यात हरवू नये असं मला मनापासून वाटतं. ‘झुरावीनी’. क्रॅनबेरीचं हे नाव ‘झुराव’ म्हणजे क्रौंच पक्षी, त्यावरून आलेलं. रशियनमधला ‘क्ल्युक्वा’ बाजारात त्याच्या जागी बसतोय. देशाच्या वायव्येला मियोरी जिल्ह्यात येल्न्याची विस्तीर्ण दलदल आहे. शरदात दक्षिणेला निघालेले क्रौंच तिथे उतरतात आणि त्याच दिवसांत फळ पिकतं. मियोरीत या दोघांच्या नावाने उत्सवही भरतो, ‘क्रौंच आणि क्रॅनबेरी’. या फळात नैसर्गिक बेंझॉइक आम्ल असतं, त्यामुळे क्रॅनबेरी साध्या पाण्यातही महिनोन्‌महिने टिकते. कोबीच्या पिंपात ती चवीइतकीच टिकावासाठीही जाते.

दलदलीचा आणि जंगलाचा मेवा म्हटला की चेर्नोबिल टाळता येत नाही. 26 एप्रिल 1986च्या स्फोटानंतर बेलारूसचा जवळजवळ 23 टक्के भूभाग किरणोत्सारी सीझियमने दूषित झाला, होमेल आणि मोहिल्योव प्रांतात सर्वाधिक. सीझियम-137चं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं. शेतजमिनीवर खतांनी आणि नांगरणीने ते पिकात जाणं कमी करता येतं, जंगलाच्या मातीत तसं करता येत नाही. अळंब्या ते शोषून घेतात, काही जाती फारच. म्हणून बाजारात अळंब्या आणि रानफळांतला किरणोत्सार मोजून घेतात. ताज्या अळंब्यांची मर्यादा किलोला 370 बेकरेल, रानफळांची 185. ज्या देशात टोपली घेऊन जंगलात जाणं हा कुटुंबाचा आनंद होता, तिथे टोपलीबरोबर मोजणीचा कागद आला.

इथे जुन्या पद्धतीने अनपेक्षित मदत केली. ‘ह्रुझ्दी’ नावाच्या कडवट अळंब्या खारवण्याआधी दोनतीन दिवस पाणी बदलत भिजवायच्या, हा शतकानुशतकांचा रिवाज, कडवटपणा जावा म्हणून. सीझियम पाण्यात विरघळतं. भिजवून, मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्यातला मोठा भाग निघून जातो. भाज्या खारवल्या तरी सीझियमचा बराच अंश खारात उतरतो, म्हणून दूषित भागात खार पिऊ नये असं सांगितलं जातं. एरवी रसोल फेकण्याची वस्तू नव्हती. सारात जाई, पिठात जाई, रात्री जास्त झालेल्या माणसाला सकाळी दिला जाई. किलोला बेकरेल किती हे शब्द आता बाजारातल्या बायकांच्या बोलण्यातही आहेत, ‘क्रोप’ आणि ‘ख्रेन’च्या शेजारी.

काकडीचा आजचा मोठा व्यवहार दक्षिणेला, ब्रेस्त प्रांतातल्या स्तोलिन जिल्ह्यात दिसतो. अल्शानी गाव प्लॅस्टिकच्या हरितगृहांनी भरलेलं आहे. अनेक घरं पेंटेकोस्टल पंथाची, मोठ्या कुटुंबांची. थंडी सरायच्या आत रोपं लावून, लाकडाच्या भट्ट्यांवर हरितगृहं उबवून ती लवकरची काकडी पिकवतात आणि दूरपर्यंत विकतात. मिन्स्कच्या कामारोवका बाजारात आंबवलेल्या कोबीच्या परातींसमोर गिऱ्हाईक आधी चिमूटभर चाखून बघतं, मग विकत घेतं. घरी घालणाऱ्यांची संख्या कमी होत असेल, पण चव ओळखणारी जीभ अजून शाबूत आहे.

बेलारूसी भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या बोलींचं काम फार निष्ठेने केलं आहे. 1963 साली बोलीभाषांचा मोठा नकाशासंग्रह निघाला, आणि 1993 ते 1998 दरम्यान शब्दांचा पाच खंडांचा नकाशासंग्रह. कोठीला, पिंपाला, भाजीला कुठल्या गावात काय म्हणतात ते ठिपक्याठिपक्यांनी त्यात टिपलं जातं. पण हे संग्रह गावच्या बोलींचे आहेत. मिन्स्कच्या नवव्या मजल्यावर, लिफ्टमधून काकड्यांची पोती वर आणणाऱ्या कुटुंबाचा ठिपका त्यांत नाही. ओल्डेनबुर्गच्या ध्वनिमुद्रणांत त्या कुटुंबाचं बोलणं आहे, पण पिंपाबद्दलचे प्रश्न नाहीत. पुढचं काम या दोहोंच्या मधलं आहे, आणि ते ऑगस्टमध्ये, बरण्या भरत असतानाच करायला हवं. कोणती पानं घालता, ती कोणी शिकवली, बरणीला काय म्हणता, सासू काय म्हणायची, आणि कोबी कुठल्या वारी घालता, असं विचारत. ज्या स्त्रियांनी पिंप आणि बरणी दोन्ही हाताळली त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत.